कोकण किनाऱ्यावर उन्हाळ्यात गोल्फचं ग्रीन कसं सांभाळायचं? मचूळ पाणी, वाळू आणि पावसाआधीची कामं

सड्यावरचा_माळी

मार्च लागला की ओळखीच्या माळ्यांचे फोन सुरू होतात. ग्रीन पिवळं पडतंय, दुपारी पाणी मारू का? कटिंगची उंची वाढवू का? एरेशन, म्हणजे जमिनीत भोकं पाडणं, आता थंडीपर्यंत बंदच ठेवू ना? विचारणारे बहुतेक अलिबाग ते वेंगुर्ला पट्ट्यातले. कुणाकडे नऊ होल, कुणाकडे रिसॉर्टच्या आवारातलं एकच पटिंग ग्रीन (ग्रीन म्हणजे होलभोवतीची अगदी बारीक कापलेली हिरवळ). हे सगळं त्यांनी नेटवर वाचलेलं असतं. सल्ला खोटा नसतो, पण तो वेगळ्या गवताचा असतो आणि आपल्याकडे पाळला की नुकसान करतो. यावर एकदा नीट लिहायचं होतं.

थंड देशांत ग्रीनवर बहुतेक बेंटग्रास असतं. ते १५ ते २४ अंशांत जोमाने वाढतं, पारा तिशीपार गेला की त्याची मुळं आखूड होत जातात. म्हणून तिथे उन्हाळ्यात उंची वाढवतात, दुपारी पानांवर हलका फवारा मारतात आणि भोकं पाडायचं काम हवा थंड होईपर्यंत पुढे ढकलतात. त्या गवतासाठी ते योग्यच आहे.

आपल्या ग्रीनवर असते ती हरळी. गणपतीला वाहतो त्या दूर्वांचीच जात आणि तिची बुटकी संकरित वाणं. टिफग्रीन १९५६ चं, टिफड्वार्फ १९६५ चं. दोन्ही अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टनहून आलेली. त्यांना बी धरत नाही, काडी लावूनच वाढवावी लागतात. हरळी सगळ्यात जोरात वाढते ती २७ ते ३५ अंशांत. किनाऱ्यावर एप्रिल-मेमध्ये दुपारचं तापमान बहुतेक दिवस ३२ ते ३४ असतं. म्हणजे आपण घामाने हैराण होतो तो तिचा ऐन वाढीचा हंगाम. मार्चमध्ये कधी पूर्वेकडचा कोरडा वारा दुपारपर्यंत हटत नाही, खारा वारा उशिरा सुटतो आणि पारा अडतीसच्या वर जातो. तेवढे दिवस सोडले तर ऊन हा तिचा प्रश्नच नाही.

तिचा वाईट काळ जुलै-ऑगस्ट. आठवडा-आठवडा सूर्य दिसत नाही. तीन-चार मिलिमीटरवर कापलेल्या पानाला पुरेसा उजेड मिळत नाही, गवत विरळ होतं, उघड्या जागी शेवाळ धरतं. तेव्हा काही करायला जावं तर मशीन ग्रीनवर चढवता येत नाही. खोल मुळं, मोकळा निचरा आणि दाट पानं ही तयारी आधीच झालेली हवी. म्हणून माझं म्हणणं असं, की भोकं पाडणं, विंचरणं, वाळू देणं ही गवताला दुखवणारी सगळी कामं उन्हाळ्यातच उरकावीत, कारण भरून यायची ताकद त्याच्यात तेव्हाच असते.

मी मार्चच्या शेवटी व्हर्टिकटिंग करतो, म्हणजे उभ्या पात्यांनी आडव्या धावणाऱ्या काड्या कापतो. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात कोअरिंग, म्हणजे पोकळ दात्यांनी मातीचे गाभे काढणं. १२ मिलिमीटरचे टाइन (दाते), ५ सेंटिमीटर अंतर, सात-आठ सेंटिमीटर खोली. निघालेले गाभे उचलायचे, भोकं कोरड्या वाळूने काठोकाठ भरायची, भरपूर पाणी द्यायचं आणि नत्राचा हात थोडा सैल सोडायचा. दोन-तीन आठवड्यांत ग्रीनवरची भोकं मिटतात. मग मेमध्ये पंधरा दिवसांनी वाळूचा पातळ थर, ब्रशने पानांत उतरवून. मेच्या मध्यापासून नत्र कमी करत आणायचं, पालाश चालू ठेवायचं.

तारखेबद्दल मात्र आग्रहाने सांगतो. मृगाच्या भरवशावर मेअखेरपर्यंत काम लांबवायचे दिवस गेले. २०२५ मध्ये मुंबईत मान्सून २६ मेला पोचला, नेहमीची तारीख ११ जून असताना. ज्यांची भोकं तेव्हा उघडी होती त्यांच्या ग्रीनवर गाळ बसला. कोअरिंग एप्रिल ओलांडू नये.

चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासूनचा, खारघरला सिडकोचा कोर्स आहे. तिथे काम केलेलं कुणी वाचत असेल तर जरूर लिहा. बाकीच्यांनीही आपापल्या जागेचं सांगा.

मैदानवाला

मी क्रिकेटचं मैदान बघतो, रत्नागिरीकडे. आउटफिल्डला हरळीच. तुमचं एप्रिलचं गणित आमच्याकडेही लागू पडतं, पण आमची सगळी गाडी वाळूपाशी अडते. नदीची वाळू मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही. खाडीची वाळू द्यायला लोक तयार असतात. क्रशरची तर दारात येऊन पडते. यातली कुठली चालेल?

सड्यावरचा_माळी

खाडीची अजिबात नको. तिच्यात मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुरा असतो. मीठ एखाद्या पावसात धुऊन जाईल, चुना तिथेच राहील आणि सामू (पीएच) वर चढवत नेईल.

क्रशरच्या वाळूत दोन अडचणी. कण धारदार असतो, ब्रश फिरवताना पान कापतो. दुसरं, तिच्यातली भुकटी. ती भोकांच्या तोंडाशी साचून सिमेंटासारखी बसते. घ्यायचीच असेल तर धुतलेलीच घ्या, आणि चाळून कणांचा मोठा भाग पाव ते एक मिलिमीटरमधला आहे याची खात्री करा.

ट्रक खाली करायच्या आधी एक साधी तपासणी. काचेच्या उभ्या बाटलीत तिसरा हिस्सा वाळू, वर पाणी, चांगलं हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू लगेच खाली बसते. दोन मिनिटांनी वरचं पाणी चहासारखं गढूळ राहिलं आणि तासाभराने वाळूवर मऊ मातकट थर दिसला, तर ट्रक परत पाठवा. गाडीवाला कुरकुर करेल, करू द्या. एकदा ग्रीनमध्ये गेलेली माती कुणालाही बाहेर काढता येत नाही.

मापाचा अंदाज असा, की ५०० चौरस मीटरच्या ग्रीनवर एक मिलिमीटर थराला अर्धा घनमीटर वाळू लागते. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, तेव्हा एका ब्रासमध्ये असे पाच थर आरामात निघतात. कोअरिंगची भोकं भरायला वर दिलेल्या मापाने साधारण पाऊण ब्रास धरा, थोडी सांडतेच.

खलाटी

आमच्या बावीचा पाणी मे म्हयन्यात मचूळ जाता. माडाक चलता, भाजयेक चलणा नाय. गवताक काय करूचा?

बॉस म्हणतात बोअर मारू. किनाऱ्यापासून जवळ आहोत, चारशे-पाचशे मीटर.

हापूसवाली

बोअर नका मारू खलाटीदादा. किनाऱ्याजवळ गोड पाण्याचा थर समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. उपसा वाढला की खालचं खारं पाणी वर चढतं, आणि मग तुमच्याच नाही तर शेजारच्या वाडीच्या विहिरीही जातात. उथळ विहिरीतून थोडं थोडं, विश्रांती देत उपसलेलं बरं.

मी दापोलीला कृषी विद्यापीठात शिकले, घरची बाग आहे. गोल्फ कधी खेळले नाही, पण खारं पाणी आणि मुळं यांचं नातं सगळ्या पिकांत सारखंच. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) घ्या आणि दर सोमवारी विहिरीचं पाणी मोजून वहीत लिहा. ५०० पीपीएमपर्यंत काळजी नाही. ५०० ते २००० मध्ये वापरता येतं, पण रीत बदलावी लागते. २००० च्या वर गेलं तर ग्रीनवर तेच पाणी एकटं वापरू नका, टाकीत पावसाचं किंवा दुसऱ्या गोड्या विहिरीचं पाणी मिसळून खाली आणा.

रीत बदलायची म्हणजे काय, तर रोज थोडं थोडं शिंपडायचं बंद. पाणी उडून जातं, मीठ वरच्या बोटभर वाळूत साठत जातं, पानांची टोकं करपतात. लोक त्याला तहान समजतात आणि आणखी थोडं शिंपडतात. त्याऐवजी दिवसाआड किंवा दोन दिवसांनी, पण खोल. आणि गरजेपेक्षा १५ ते २० टक्के जास्त, म्हणजे मीठ मुळांच्या खाली ढकललं जातं. वाळूच्या ग्रीनला खाली निचरा असेल तरच हे जमतं. निचरा नसेल तर तेच मीठ पुन्हा वर येणार.

खतात पोटॅश द्यायचं तर सल्फेट ऑफ पोटॅश. म्युरिएटमध्ये क्लोराइड असतं, ते आधीच पाण्यात भरपूर आहे. सोडियम जास्त आलं तर जिप्सम, पण माती-पाण्याचा अहवाल हातात आल्यावरच. आपली जांभ्याची माती मुळात आम्लधर्मी, त्यामुळे कुणी डोळे मिटून चुना टाका म्हणालं तर आधी सामू बघा.

सड्यावरचा_माळी

हापूसवालीताई, फार उपयोगाचं लिहिलंत. एक भर घालतो. नवीन ग्रीन करणार असाल आणि पाणी कायमचंच मचूळ असेल, तर हरळीचा हट्ट सोडून सीशोअर पास्पलमचा विचार करा. हे समुद्रकाठचंच गवत, मीठ हरळीपेक्षा जास्त सोसतं, नत्रही कमी लागतं. पण एकदा लावलं की शेजारच्या हरळीत घुसतं आणि ते वेगळं काढणं जवळपास अशक्य. एका कोर्सवर दोन्ही नकोत.

जुना_ग्रीनकीपर

धागा वाचून आनंद झाला. नोकरीत असताना नव्या माळ्याला पहिली गोष्ट शिकवायचो ती होल हलवताना निघणारा मातीचा गोळा बघायची. होल १०८ मिलिमीटर व्यासाचं असतं. कटरने नवीन होल पाडलं की जो दंडगोल निघतो, तो जुन्या होलमध्ये बसवून लोक मोकळे होतात. बसवायच्या आधी तो हातात आडवा धरा. पांढरी मुळं कुठपर्यंत उतरलीत? निम्म्यापर्यंत तरी हवीत. वरचा तपकिरी, स्पंजासारखा थर बोटाने दाबा. पाऊण इंचाच्या वर असेल आणि दाबल्यावर पाणी सुटत असेल, तर तुमचं टॉपड्रेसिंग (वरून वाळू देणं) कमी पडतंय. मध्ये काळी रेघ दिसली आणि सडक्या अंड्याचा वास आला, तर तिथे हवा पोचत नाही. दर दोन-चार दिवसांनी होल हलतंच, तेव्हा ही तपासणी फुकटात होते. त्या गोळ्याचा फोटो तारखेसह ठेवला तर मे आणि सप्टेंबरची तुलना करता येते. मला तरी कुठल्याही अहवालापेक्षा ह्याने जास्त कळत आलं.

दुसरं म्हणजे संध्याकाळचं पाणी. किनाऱ्यावर रात्रीची हवा आधीच दमट असते. संध्याकाळी सातला पाणी दिलं की पान सकाळपर्यंत ओलं, आणि पिथियम, डॉलर स्पॉट, पानांवरचे ठिपके अशा बुरशीच्या रोगांना आवतण. पाणी पहाटे चार ते सहामध्ये. वारा पडलेला असतो, फवारा उडून दुसरीकडे जात नाही. सकाळी कटिंगच्या आधी लांब काठी किंवा दोर फिरवून दव झाडायचं. ही जुनी पद्धत आहे आणि बुरशीनाशकाच्या फवारण्या वाचवते.

दुपारी ग्रीनवर राखाडी-निळसर डाग दिसले आणि चाललेली पावलं उमटून राहिली, तर आधी सुरी खुपसून बघा. वरून ओलं, खाली पीठ, असं दिसलं तर त्या वाळूला पाणी धरतच नाही. कणांवर मेणचट थर बसलेला असतो. सगळ्या ग्रीनला जास्त पाणी देऊन हे सुटत नाही. तेवढ्याच डागात काट्याने भोकं पाडा, वेटिंग एजंट (पाणी मुरायला मदत करणारं द्रव्य) टाका आणि हातपाइपने पाणी द्या.

आणि रीळ, म्हणजे कापणी यंत्राचा फिरत्या पात्यांचा दंडगोल. पिवळेपणाच्या तक्रारींतल्या बऱ्याच इथेच सुटतात. खारी हवा पातं झपाट्याने खाते. वर्तमानपत्राचा कागद रीळ आणि खालच्या पात्याच्या मध्ये धरून हाताने फिरवा. पूर्ण लांबीभर स्वच्छ कापला पाहिजे. कुठे फाटला, दुमडला, तर गवतही तिथे फाटतंय, आणि फाटलेलं टोक दुसऱ्या दिवशी पांढरट दिसतं. काम संपल्यावर मशीन गोड्या पाण्याने धुऊन तेलाचा हात.

पाणी_कुणाचं

चर्चा माहितीपूर्ण आहे, पण माझं म्हणणं ऐकून घ्या. कोकणात एवढा पाऊस पडूनही मेमध्ये कितीतरी वाड्यांना टँकर लागतो. जलजीवन मिशनचा निकष माणशी दिवसाला ५५ लिटर. तुमच्या नऊ होलचे फेअरवे, म्हणजे पहिल्या फटक्यापासून ग्रीनपर्यंतचे कापलेले पट्टे, सहा हेक्टर धरले आणि दिवसाला तीन मिलिमीटर पाणी दिलं, तर १ लाख ८० हजार लिटर होतात. तीन हजारांहून जास्त माणसांचं पाणी. हे कुठल्या तोंडाने मागायचं?

सड्यावरचा_माळी

तुमचा हिशोब बरोबर आहे आणि प्रश्नही योग्य आहे. म्हणूनच मी फेअरवेला उन्हाळ्यात पाणी द्यायच्या विरोधात आहे, हे मालकांनाही सांगत आलोय.

हरळी मेमध्ये पाण्यावाचून तपकिरी होते, मरत नाही. जमिनीखालचं खोड जिवंत असतं, वळवाची एक चांगली सर आली की आठवड्यात हिरवं होतं. फेअरवे तपकिरी ठेवावेत. कडक जमिनीवर चेंडू लांब पळतो, खेळाला त्याने काही उणं येत नाही. मालकांना ब्रोशरमधला हिरवा रंग हवा असतो, तिथे आपण ठाम राहायचं. पाणी फक्त ग्रीनला आणि टीला (पहिला फटका मारायची जागा). ५०० चौरस मीटरच्या ग्रीनला दिवसाला चार मिलिमीटर म्हणजे २ हजार लिटर. नऊ ग्रीनचे १८ हजार. तुमच्या आकड्याचा दहावा हिस्सा.

आणि हे १८ हजारही विहिरीतून घ्यायची गरज नाही. भरपूर खोल्या असलेल्या रिसॉर्टचं सांडपाणी प्रक्रिया करून तेवढं सहज निघतं. त्यात नत्र असतं, ते धरून युरिया कमी करायचा. प्लांट नीट चालतोय का आणि पाण्यात सोडियम किती, हे मात्र तपासून घ्यावं लागतं. ते पाणी खेळाडू नसताना, पहाटेच द्यावं. रफ, म्हणजे फेअरवेबाहेरचं उंच गवत, तर मुळात लावूच नये, सड्यावरचं आपलं गवत आहे ते राहू द्यावं. पावसाळ्यात त्यावर फुलं येतात, कापायलाही लागत नाही.

पाणी_कुणाचं

फेअरवे तपकिरी ठेवायला मालक तयार होत असतील तर माझा विरोध बराच कमी होतो. हे करारात लिहून घ्या, तोंडी नको.

गुहागरचं_घर

आमच्या अंगणात सिलेक्शन वनचं लॉन आहे, गोल्फबिल्फ नाही. नारळाखाली गवत टिकतच नाही. काय करू?

जुना_ग्रीनकीपर

ताई, तेही हरळीचंच वाण, तिला दिवसाला सहा-सात तास थेट ऊन लागतं. नारळाखाली ती जगणार नाही, खत घालून पैसे घालवू नका. तिथे सावली सोसणारं रुंद पानाचं कार्पेट ग्रास लावा. उन्हातल्या भागात एक-दीड इंचावर कापा आणि एका वेळी तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापू नका, म्हणजे झालं.

मैदानवाला

एक राहिलं. पहिल्या वळवानंतर आमच्याकडे मैदानावर रात्री रानडुकरं येतात आणि नांगरल्यासारखं करून जातात. हुमणी आहे हे कळतं. पण उपाय कधी करायचा, हे दरवर्षी चुकतं.

हापूसवाली

हुमणीच्या मोठ्या झालेल्या अळ्यांवर औषधाचा फारसा परिणाम होत नाही. भुंगेरे धरायचे. पहिल्या दमदार वळवानंतर संध्याकाळी ते जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोरीवर पाला खायला, मिलनाला जमतात. त्याच आठवड्यात प्रकाश सापळे लावायचे आणि अंधार पडल्यावर फांद्या हलवून पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. हे काम आजूबाजूच्या बागायतदारांनी एकत्र केलं तरच उपयोग. मग पावसाच्या सुरुवातीला, जमीन ओली असताना मेटारायझियम. त्या बुरशीला ओल लागते, मेच्या कोरड्या वाळूत टाकली तर वाया. आणि तिच्यासोबत बुरशीनाशकाची आळवणी करू नका, तिलाही मारेल.

खलाटी

टीडीएस मीटर आणला. विहीर १२६०, टाकी १३१०. टाकीत जास्त कसं?

हापूसवाली

टाकी उघडी असेल तर पाणी उडून मीठ घट्ट होतं. झाकण किंवा शेडनेट घाला आणि तळाचं पाणी एकदा पूर्ण काढून टाका. १२६० वर खोल पाणी आणि १५ ते २० टक्के जास्त, एवढं पुरेल. पण आता दर सोमवारचं मोजणं सोडू नका, मेमध्ये आकडा पटकन वाढतो.

सड्यावरचा_माळी

खलाटीदादा, कोअरिंग झालं का? नसेल तर मीठ धुवायच्या आधी ते करा, भोकांतून पाणी सरळ खाली उतरतं. एप्रिलचा पहिला आठवडा चालू आहे, वेळ आहे. टाइन नसतील तर माझ्याकडे १२ मिलिमीटरचा जादा संच आहे, मेसेज करा, एसटीच्या पार्सलने पाठवतो. वाळूची बाटली भरून तिचाही फोटो इथे टाका, ट्रक यायच्या आधी बघून घेऊ.